जावा प्रोजेक्टवर नवीन आलात? अपडेट्स कशा वाचायच्या ते आधी शिका

कॉलेज किंवा ट्रेनिंग संपवून पहिल्यांदाच एखाद्या मोठ्या जावा प्रोजेक्टवर बसलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय. मोठा म्हणजे बँकेचं, विम्याचं, गोदामाचं, पगाराचं काहीतरी चालवणारं सॉफ्टवेअर, कोड दहा-बारा वर्षं जुना, तो लिहिणारे निम्मे लोक कंपनी सोडून गेलेले. पहिल्याच आठवड्यात स्टँडअपला, म्हणजे रोजच्या छोट्या मीटिंगला, कुणीतरी म्हणतं "टू सेव्हनचा सपोर्ट कधीच संपलाय, थ्रीवर जायलाच लागणारे", सगळे हो हो म्हणतात आणि आपल्याला टू सेव्हन नक्की कशाचं हेसुद्धा माहीत नसतं. मग घरी जाऊन आपण दिसेल ते वाचायला लागतो, जावाचं नवीन व्हर्जन आलं, स्प्रिंग या जावाच्या फ्रेमवर्कचं आलं, अमुक लायब्ररीत सुरक्षेचं भोक सापडलं, तमुक पद्धत आता वापरू नका म्हणे, आणि दोन आठवड्यांत दमून वाचणंच सोडून देतो. हिंजवडीत नवीन मुलांना कामाला लावताना मी हे दरवेळी बघते आणि दरवेळी एकच सांगते, बातमी नंतर, आधी आपल्या घरात काय काय भरलंय त्याची यादी करा. यादी नसेल तर एकतर प्रत्येक बातमी महत्त्वाची वाटते नाहीतर एकही वाटत नाही.

पहिलं काम: यादी

पॉम फाइल उघडा, म्हणजे मेव्हन या बिल्डच्या साधनाची फाइल, जिच्यात प्रोजेक्टच्या लायब्ररी लिहिलेल्या असतात, मेव्हनऐवजी ग्रेडल असेल तर त्याची बिल्ड फाइल. वरती पॅरेंटमध्ये स्प्रिंग बूटचं (स्प्रिंगवर ॲप्लिकेशन पटकन उभं करून देतं ते) व्हर्जन असतं ते लिहून घ्या. मग जावाचं व्हर्जन, पण लॅपटॉपवरचं नाही, सर्व्हरवरचं, ही चूक फार जण करतात, लॅपटॉपवर २१ टाकलेलं असतं आणि प्रॉडक्शनला ११ चालू असतं. सर्व्हर बघायची परवानगी नसेल तर ऑप्सवाल्यांना, म्हणजे सर्व्हर सांभाळणाऱ्यांना, विचारा, ते सांगतात. नुसता आकडा नको, जेडीके (जावाचा पूर्ण संच) कुणाचा आहे तेही लिहा, म्हणजे ओरॅकलचा, टेम्युरिन, कोरेटो की आणखी कुणाचा, कारण कोड बहुतेक सगळा तोच असला तरी अपडेट कधीपर्यंत मिळणार आणि फुकट मिळणार का, हे प्रत्येकाचं वेगळं असतं. आणि हे आत्ताच सांगून ठेवते, कंपनीच्या मशीनवर ओरॅकलचा जेडीके न विचारता डाउनलोड करू नका. २०१९ च्या जानेवारीनंतर आलेल्या जावा ८ च्या अपडेट्स धंद्यासाठी वापरायच्या तर पैसे लागतात, १७ सुरुवातीला फुकट होतं पण २०२४ च्या सप्टेंबरनंतरच्या अपडेट्सना तिथंही लायसन्स बदललंय. टेम्युरिन घेतलं तर हा प्रश्नच येत नाही, तरी लीडला विचारूनच घ्या.

आता यादीतला खरा मोठा भाग. मेव्हनची डिपेंडन्सी ट्री, म्हणजे कुठली लायब्ररी कुणामुळे आली ते, दाखवणारी कमांड एकदा चालवा आणि जे छापून येईल ते शांतपणे वाचा. पॉममध्ये आपण पंधरा-वीस नावं लिहिलेली असतात, ट्रीमध्ये पानंच्या पानं येतात, कारण प्रत्येक लायब्ररी आपल्याबरोबर स्वतःच्या लायब्ररी घेऊन येते, लग्नाला एकाला बोलवावं आणि त्याच्याबरोबर त्याचे चार पाहुणे यावेत तसं. आपण ज्यांना बोलावलंच नाही तेही आपल्याच घरात जेवत असतात, आणि गडबड झाली तर जबाबदारी आपलीच.

हे का सांगतेय ते २०२१ च्या डिसेंबरवरून कळेल. १० तारखेला, शुक्रवारी, लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीची बातमी सगळीकडे पसरली, सीव्हीई-२०२१-४४२२८ (सीव्हीई म्हणजे सुरक्षेच्या भोकाला दिलेला जाहीर नंबर), गंभीरता दहापैकी दहा. लॉगमध्ये एक विशिष्ट प्रकारची ओळ आली की ती लायब्ररी बाहेरच्या सर्व्हरवरून कोड आणून चालवू शकत होती, म्हणजे नुसतं लॉगिनच्या खान्यात काहीतरी टाइप करून समोरच्याला आपल्या सर्व्हरमध्ये घुसता येत होतं. त्या दिवशी सगळ्या टीम्सना वरून एकच प्रश्न आला, "आपल्याकडे आहे का?" ज्यांच्याकडे यादी होती त्यांनी थोड्या वेळात हो किंवा नाही सांगितलं, बाकीच्यांचा शनिवार-रविवार नुसता शोधण्यात गेला. त्यातही एक बारकावा होता. स्प्रिंग बूट मुळात लॉगबॅक ही दुसरीच लॉगिंग लायब्ररी वापरतं, पण त्याच्या ट्रीमध्ये लॉगफोरजे-एपीआय असं नाव दिसतं, ते बघून कितीतरी जण घाबरले. भोक होतं लॉगफोरजे-कोअर मध्ये, एपीआयमध्ये नव्हतं. ट्री आधी कधी नीट वाचलीच नसेल तर ऐन गोंधळात हा फरक कळत नाही.

यादी टीमच्या विकीवर ठेवा, एका पानावर मावेल एवढीच. सगळी ट्री तिथं ओतायची नाही, स्प्रिंग बूट, जावा, टॉमकॅट (वेब सर्व्हर), डेटाबेस आणि त्याचा ड्रायव्हर, हायबरनेट (डेटाबेसशी बोलणारी लायब्ररी), लॉगिंग, जेसन वाचणारी-लिहिणारी लायब्ररी, आणि कंपनीच्या स्वतःच्या शेअर्ड लायब्ररी असतील तर त्या. पुढे लिहून ठेवा त्या व्हर्जनचा सपोर्ट कधी संपतो.

कॅलेंडर

हा भाग सोपा आहे. जावाचं नवीन व्हर्जन दर सहा महिन्यांनी येतं, मार्च आणि सप्टेंबर, २०१८ पासून हा नेम चालू आहे. सगळी व्हर्जन्स आपल्यासाठी नसतात, कंपन्या बहुतेक एलटीएसवरच राहतात, म्हणजे ज्यांना बरीच वर्षं सपोर्ट मिळतो ती: ८ (२०१४), ११ (२०१८), १७ (२०२१), २१ (२०२३) आणि २५ (२०२५). त्यामुळे कुणी २२ किंवा २३ आलं म्हणून नाचत असेल तर वाचा जरूर, पण प्रोजेक्टला हात लावू नका. स्प्रिंग बूट मे आणि नोव्हेंबरला येतं आणि एका व्हर्जनला फुकटचा सपोर्ट साधारण वर्षभर मिळतो. २.७ चा २०२३ च्या नोव्हेंबरलाच संपला, स्टँडअपमधलं ते "टू सेव्हन" हेच. ओरॅकलचे सुरक्षा पॅच जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या तिसऱ्या मंगळवारी येतात आणि जावाचे छोटे अपडेटही त्याच सुमाराला. अमेरिकेतल्या मंगळवारी म्हणजे आपल्याकडे रात्र उलटलेली असते, म्हणून बुधवारी सकाळी चहा घेताना वाचायचं.

शेजारच्या टीममध्ये डॉटनेट, म्हणजे मायक्रोसॉफ्टचं जावासारखं प्लॅटफॉर्म, असेल तर त्यांचं नवीन व्हर्जन दर नोव्हेंबरला, सम आकडे जास्त मुदतीचे, म्हणजे ६, ८, १०. एवढं माहीत असलं की त्यांच्याशी बोलताना अडत नाही.

रिलीज नोट्स उलट्या क्रमाने

नवीन मुलं रिलीज नोट्स वरून खाली वाचतात, वरती "नवीन काय" असतं, ते वाचून छान वाटतं आणि तिथंच थांबतात. आपलं प्रोजेक्ट कुठं मोडणार हे खाली असतं. आधी काढून टाकलेल्या गोष्टी वाचा, मग वागणं बदललेल्या, मग डेप्रिकेट झालेल्या, म्हणजे आता वापरू नका असं सांगितलेल्या, आणि नवीन फीचर्स शेवटी, वेळ उरला तर. मोठ्या व्हर्जनसाठी स्प्रिंगवाले वेगळी मायग्रेशन गाइड (जुन्यावरून नव्यावर कसं जायचं ते) लिहितात, ती रिलीज नोट्सपेक्षा कामाची.

काढून टाकलेल्या गोष्टींची मला भीती वाटत नाही, कारण त्या कंपाइलच होत नाहीत, लगेच ओरडतात. वागणं बदललेल्या गोष्टी गुपचूप येतात, तिथं लक्ष द्या. दोन उदाहरणं सांगते, दोन्ही मी स्वतः बघितलेली.

पहिलं, स्प्रिंग बूट ३.० मध्ये यूआरएलच्या शेवटच्या स्लॅशचं वागणं बदललं. आधी कोडमध्ये "/ऑर्डर्स" असं लिहिलं असेल आणि समोरून "/ऑर्डर्स/" अशी हाक आली तर स्प्रिंग समजून घ्यायचं, आता डिफॉल्टनं नाही घेत, सरळ ४०४, म्हणजे पान सापडलं नाही. आमच्याकडे सगळ्या टेस्ट हिरव्या होत्या कारण टेस्टमध्ये स्लॅश नव्हता, आणि एका जुन्या क्लायंट सिस्टिमने मात्र वर्षानुवर्षं स्लॅश लावून हाका मारल्या होत्या. यूएटीला, म्हणजे वापरणाऱ्यांकडून होणाऱ्या चाचणीच्या वेळी, त्यांचा फोन आला की तुमची सर्व्हिस बंद आहे, इकडे आमची सर्व्हिस मजेत चालू, लॉगमध्ये एकही एरर नाही. अर्धा दिवस आम्ही नेटवर्कवाल्यांच्या मागे लागलो होतो, शेवटी ॲक्सेस लॉग (कुठली हाक आली आणि काय उत्तर गेलं त्याची नोंद) काढला आणि त्यात ओळीने ४०४, ४०४, ४०४, प्रत्येकीच्या शेवटी तो स्लॅश. मायग्रेशन गाइडमध्ये हे स्पष्ट लिहिलेलं होतं. तेव्हापासून अपग्रेडच्या आधी महिन्याभराच्या ॲक्सेस लॉगमधून स्लॅशने संपणारे यूआरएल शोधून काढायचे हा आमचा नेम आहे.

दुसरं मराठी माणसाच्या जवळचं आहे. जावा १८ पासून फाइल वाचताना-लिहिताना डिफॉल्ट एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत, यूटीएफ-८ झालं. त्याआधी ते ऑपरेटिंग सिस्टिमवर अवलंबून होतं, लिनक्सवर बहुधा यूटीएफ-८, पण इंग्रजी विंडोजवर विंडोज-१२५२, ज्यात देवनागरी नाहीच. म्हणून जावा १७ असलेल्या विंडोज लॅपटॉपवर एन्कोडिंग न सांगता साध्या फाइलरायटरने "सातारा" लिहिलं की फाइलमध्ये यायचं "??????". मोजून सहा प्रश्नचिन्हं, कारण युनिकोडमध्ये स, काना, त, काना, र, काना अशी सहा चिन्हं आहेत आणि प्रत्येकाच्या जागी एकेक प्रश्नचिन्ह. आणि ती प्रश्नचिन्हं झाली की झाली, त्यातून सातारा परत काढता येत नाही, मूळ डेटा गेलेला असतो.

मग १७ वरून २१ वर गेलं की हे आपोआप सुटतं ना? हो, पण दुसरीकडे उसवतं. एखादी बाहेरची सिस्टिम अजून विंडोज-१२५२ मध्येच फाइल पाठवत असेल, त्यात पौंडाचं चिन्ह किंवा वर्डमधून चिकटवलेली वळणदार अवतरणचिन्हं असतील, तर जी फाइल इतकी वर्षं नीट वाचली जात होती तिच्यात आता काळ्या चौकटीतली प्रश्नचिन्हं दिसायला लागतात. उपाय एकच, वाचताना आणि लिहिताना कॅरेक्टर सेट प्रत्येक ठिकाणी स्वतः लिहून द्यायचा, डिफॉल्टवर विसंबायचं नाही. आणि अपग्रेडच्या आधीच बघायचं असेल तर जुन्या १७ वरच जेव्हीएमला, म्हणजे जावा चालवणाऱ्या इंजिनला, फाइल एन्कोडिंग यूटीएफ-८ असा पर्याय देऊन ॲप्लिकेशन चालवा, काय बिघडणार ते तिथंच दिसतं.

डेप्रिकेटेड या शब्दाबद्दलही. डेप्रिकेटेड म्हणजे गेलं असं नाही, पण जावामध्ये "काढून टाकणार" असा वेगळा शिक्का असतो, तो दिसला तर कामाच्या यादीत लगेच घ्या. जॅक्सबीचं, म्हणजे एक्सएमएल आणि जावा ऑब्जेक्ट यांच्यात रूपांतर करणाऱ्या भागाचं, असंच झालं, जावा ९ मध्ये शिक्का बसला आणि ११ मध्ये जेडीकेमधून बाहेर. इशारा पूर्ण एक वर्ष आधी मिळाला होता, बिल्डच्या वॉर्निंग्ज कुणी वाचत नव्हतं एवढंच.

सुरक्षेची सूचना आली तर

सीव्हीई नंबर असलेली सूचना आली की तीन गोष्टी बघायच्या, कुठल्या व्हर्जनपासून कुठल्यापर्यंत लागू आहे, कुठल्या परिस्थितीत लागू आहे, आणि दुरुस्त व्हर्जन कुठलं. मधली गोष्ट लोक सोडून देतात. २०२२ च्या मार्चअखेरीला स्प्रिंगमध्ये भोक सापडलं, सीव्हीई-२०२२-२२९६५, तेव्हा जाहीर झालेला हल्ला चालायला जावा ९ किंवा पुढचं आणि टॉमकॅटवर वॉर फाइल (वेगळ्या सर्व्हरवर टाकायचं पॅकेज) करून केलेलं डिप्लॉयमेंट लागत होतं. आपण जार (सर्व्हर आतच असलेलं पॅकेज) करून चालवत असू तर धोका तेवढा नव्हता, तरी अपडेट करायचंच होतं, फक्त रात्री दोनला करायचं की दुसऱ्या दिवशी टेस्ट करून, हा निर्णय या एका ओळीवर ठरतो.

आणि पहिला पॅच आला म्हणजे संपलं असं समजू नका. लॉगफोरजेचं आधी २.१५.० आलं, ते अपुरं निघालं म्हणून २.१६.०, मग आणखी एक त्रास सापडला म्हणून २.१७.०, आणि महिना संपता संपता २.१७.१. ज्यांनी २.१५ टाकून तिकीट बंद केलं त्यांना ते पुन्हा उघडायला लागलं. सूचनेच्या पानावर पुढचे आठ-पंधरा दिवस रोज एकदा नजर टाकायची.

आपल्या सिस्टिममध्ये खरंच कुणी घुसल्यासारखं दिसलं तर स्वतः काही पुसायचं नाही, रीस्टार्ट मारायचा नाही, टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकायचा नाही, सरळ लीडला फोन. सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या निर्देशांप्रमाणे ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायला लागतात, कळवायचं काम कंपनीचं आहे पण घड्याळ चालू झालेलं असतं, म्हणून रात्रीचे अकरा वाजले असले तरी उद्या सांगू म्हणायचं नाही.

सल्ल्यालाही एक्सपायरी असते

नेटवर स्प्रिंग सिक्युरिटी (स्प्रिंगचा लॉगिन आणि परवानग्यांचा भाग) शोधलंत तर अजूनही कितीतरी ठिकाणी वेबसिक्युरिटीकॉन्फिगररअडॅप्टर एक्सटेंड करा असं सापडेल. तो क्लास ५.७ मध्ये डेप्रिकेट झाला आणि ६.० मध्ये काढून टाकला, आता सिक्युरिटीफिल्टरचेनचा बीन (स्प्रिंग सांभाळतं ते ऑब्जेक्ट) लिहायचा. आपण बूट ३ वर असू तर तो लेख कितीही सोप्या भाषेत लिहिलेला असला तरी आपल्या उपयोगाचा नाही. एआयला विचारून कोड घेतलात तरी तो जुना सल्ला देऊ शकतो, म्हणून विचारतानाच व्हर्जन सांगायचं आणि उत्तर अधिकृत डॉक्युमेंटेशनशी ताडून बघायचं, डॉक्युमेंटेशनमध्येसुद्धा आपलंच व्हर्जन निवडून.

कधीकधी बरोबर सल्ला नंतर अनावश्यक होतो. जावा २१ मध्ये व्हर्च्युअल थ्रेड्स (हलके थ्रेड) आले तेव्हा सांगितलं जायचं की सिंक्रोनाइझ्ड ब्लॉकमध्ये (ज्यात एका वेळी एकच थ्रेड जातो) वेळ खाणारं काम ठेवू नका, थ्रेड अडकून पडतो, त्याऐवजी रीएन्ट्रंटलॉक हे दुसरं कुलूप वापरा. २१ साठी तो सल्ला अगदी बरोबर आहे. पण २०२५ च्या मार्चमध्ये आलेल्या २४ मध्ये ही अडचण बहुतेक सुटली, त्यामुळे २५ वर जाणाऱ्या टीमने फक्त याच कारणासाठी शेकडो ठिकाणी कोड बदलत बसायची गरज नाही. म्हणून कुठलाही सल्ला वहीत उतरवताना शेजारी व्हर्जन आणि तारीख लिहाच.

टीमला काय सांगायचं

वाचलेलं डोक्यात ठेवून उपयोग नाही आणि लिंक ग्रुपवर फेकूनही नाही, लिंक कुणी उघडत नाही. पाच ओळींची नोट लिहा, मराठीत लिहा नाहीतर टीमला चालेल त्या भाषेत, पण स्वतःच्या शब्दांत. आमच्याकडे एका सहा महिन्यांपूर्वीच जॉइन झालेल्या मुलीने लिहिलेली नोट साधारण अशी होती:

"स्प्रिंग बूट २.७ वरून ३.०. आपल्याला लागू आहे, तिन्ही सर्व्हिसेसना. आधी जावा १७ लागेल, रिपोर्टची सर्व्हिस अजून ११ वर आहे. मोडेल ते: सर्व्हलेट आणि जेपीएचे इम्पोर्ट, शेवटी स्लॅश असलेले यूआरएल, रेडिसच्या प्रॉपर्टीजची नावं. मला न कळलेलं: आपली कॉमन लॉगिन लायब्ररी जकार्तावर आली आहे का, ती टीम कुठली?"

शेवटची ओळ वाचून लीड खुर्चीत सरळ होऊन बसले. ती लायब्ररी जकार्तावर, म्हणजे बूट ३ ला लागणाऱ्या नव्या पॅकेज नावांवर (पुढे सांगते), आलेलीच नव्हती आणि तोपर्यंत कुणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यामुळे नोटमध्ये "मला न कळलेलं" ही ओळ ठेवाच, नवीन माणसाला जे खटकतं ते जुन्यांच्या नजरेतून सुटलेलं असतं.

प्रत्यक्ष अपग्रेड हातात आलं तर

आधी २.७ च्या सगळ्यात शेवटच्या छोट्या व्हर्जनवर या, तिथल्या डेप्रिकेशनच्या वॉर्निंग्ज साफ करा, जावा १७ वर चालवून बघा, प्रॉडक्शनला न्या, आणि मग ३ ला हात घाला. जावा आणि बूट एकाच दिवशी बदललं आणि काही बिघडलं तर कशामुळे ते शोधण्यात आठवडा जातो. तीनवर आलात की ३.० वर मुक्काम करायचा नाही, त्याचाही सपोर्ट संपलाय, एकेक पायरी वर चढत चालू सपोर्ट असलेल्या व्हर्जनपर्यंत जायचं.

जावाएक्स ते जकार्ता हा बदल ऐकायला साधा वाटतो. जावा ईई, म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या ॲप्लिकेशनसाठीचा जावाचा भाग, २०१७ मध्ये ओरॅकलने एक्लिप्स फाउंडेशनकडे द्यायचं ठरवलं, पण जावाएक्स हे नाव तिकडे वापरून पुढे बदल करायची परवानगी जमली नाही, म्हणून जकार्ता ईई ९ मध्ये पॅकेजची नावंच बदलली. आता नवीन मुलं एडिटरमध्ये सगळीकडे जावाएक्स शोधून जकार्ता करून टाकतात आणि बिल्ड आणखी फुटतं, कारण सगळं जावाएक्स बदललेलं नाही. सर्व्हलेट, परसिस्टन्स, व्हॅलिडेशन ही बदलली, पण जावाएक्स एसक्यूएल, म्हणजे ज्यात डेटासोर्स आहे ते, आणि जावाएक्स क्रिप्टो ही जेडीकेचीच आहेत, ती तशीच राहतात. ओपनरीराइट नावाचं साधन हे नीट वेगळं करून बदलतं, ते वेगळ्या ब्रँचवर चालवा आणि त्याने केलेला प्रत्येक बदल स्वतः वाचा.

प्रॉपर्टीजची, म्हणजे सेटिंग्जची, नावं बदललेली शोधायला स्प्रिंग बूटचाच प्रॉपर्टीज मायग्रेटर आहे. तो डिपेंडन्सी म्हणून टाकला की ॲप्लिकेशन सुरू होताना लॉगमध्ये जुनं नाव आणि नवं नाव छापतो, आणि तेवढ्यापुरतं जुन्या नावावर कामही चालवून घेतो, त्यामुळे सगळं ठीक आहे असं वाटतं. लॉगमधली ती यादी संपेपर्यंत नावं बदला, आणि मग मर्ज करायच्या आधी मायग्रेटर पॉममधून काढून टाका, तो प्रॉडक्शनला न्यायचा नसतो.